घोट्याला, गुडघ्याला की कमरेला? भातावरच्या कडा करप्याचा अंक वाचायचा कसा



श्रावण सरला, गणपती घरी आले की आपल्या अंबरनाथ तालुक्यातल्या भातखाचरांतून एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, करपा किती आहे हो?" वांगणीकडे जा, बारवीच्या अंगाला जा, प्रश्न तोच. आणि उत्तरंही ठरलेली. कोणी म्हणतो, थोडा आहे. कोणी म्हणतो, बराच आहे. एखादा कपाळाला हात लावून म्हणतो, सगळं गेलं.

बांधावर उभं राहून दिलेलं हे उत्तर साधं वाटतं. पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. फवारणीला पैसे घालायचे की नाही, पुढच्या वर्षी कोणतं बियाणं आणायचं, पंचनाम्यात काय लिहायचं, दुकानदाराने दिलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा की नाही. म्हणून हे "थोडा, बराच, सगळं" नीट कसं मांडावं आणि त्याचा हिशेब कसा करावा, यावर आज बोलू. विषय संख्याशास्त्राचा आहे, पण घाबरू नका. आपल्या रोजच्या बोलण्यातलाच आहे.

माझी चूक आधी सांगतो

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका गावात दोन वाणांचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. शेजारी शेजारी खाचरं, सारखी लावणी, सारखं खत. पाऊस जोराचा झाला आणि दोन्ही वाणांवर कडा करपा आला. मी दर दहा दिवसांनी जाऊन वहीत अंक लिहीत गेलो. शेवटी दोन्ही वाणांवरचा रोग जवळजवळ एकाच अंकाला येऊन थांबला. मी सगळ्या अंकांची सरासरी काढली. फरक अर्ध्या-पाऊण अंकाचा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभेत सांगून टाकलं, "रोगाच्या बाबतीत दोन्ही वाण सारखेच आहेत, कोणताही घ्या."

मागे बसलेले एक वयस्कर शेतकरी तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, तुमचा कागद बरोबर असंल, पण त्या पलीकडच्या खाचरात निसवायच्या आधीच कडा पांढऱ्या पडल्या होत्या." मी हसून सोडून दिलं. पुढच्या वर्षी माझ्या शब्दावर एका बंधूंनी तोच पलीकडचा वाण आपल्या सगळ्या जमिनीत लावला. झोडणीच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत. नुसता उफणणीनंतरचा पळिंजाचा ढीग दाखवला. पोचट दाण्यांचा तो ढीग अजून डोळ्यांसमोर आहे.

अंक मी खोटे लिहिले नव्हते. बेरीज-भागाकारही बरोबर होता. चूक अशी की ज्या अंकांची सरासरी काढायची नसते, त्यांची मी काढली. आणि ज्या तारखा वेगवेगळ्या वाचायच्या असतात, त्यांचं मी एक गाठोडं बांधलं.

अंक येतो कुठून?

कडा करपा हा जिवाणूमुळे होणारा रोग. पानाच्या टोकाकडून आणि कडेकडून नागमोडी पिवळी पट्टी उतरते, मग ती पांढरी होऊन वाळते. खात्री करायची तर रोगट पानाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरावा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधट धार सुटताना दिसते.

हा रोग किती आहे हे सांगण्यासाठी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची अंकपट्टी जगभर वापरतात. आपल्या देशात १९६५ पासून हैदराबादहून चालणाऱ्या अखिल भारतीय भात प्रकल्पाच्या चाचण्यांतही तीच असते. कोकण कृषी विद्यापीठाचं आपल्याला सगळ्यात जवळचं भात संशोधन केंद्र म्हणजे कर्जत, वांगणीहून गाडीत बसलं की चार स्टेशनं. कर्जतच्या नावाचे वाण तुमच्यापैकी अनेकांच्या खाचरांत आहेत. असा वाण तुमच्यापर्यंत येण्याआधी त्याला रोगाच्या अशा परीक्षा द्याव्या लागतात.

कडा करप्याची शेतातली पट्टी अशी आहे :

अंक ० : रोग नाही.
अंक १ : पानाचं १ ते ५ टक्के क्षेत्र रोगट.
अंक ३ : ६ ते १२ टक्के.
अंक ५ : १३ ते २५ टक्के.
अंक ७ : २६ ते ५० टक्के.
अंक ९ : ५१ ते १०० टक्के.

आता ही पट्टी पुन्हा एकदा नीट बघा. १ ची पायरी पाच टक्क्यांत संपते. ९ ची पायरी अर्ध्या पानापासून पूर्ण पानापर्यंत पसरलेली आहे. १ वरून ३ वर जाणं आणि ७ वरून ९ वर जाणं, दोन्ही ठिकाणी अंक दोनानेच वाढला. पण पानाचं जे गेलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पानावरच्या करप्याची, म्हणजे डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात त्या बुरशीजन्य रोगाची पट्टी तर आणखी वेगळी. तिच्यात ३ पर्यंतचे अंक ठिपके कसे दिसतात आणि कोणत्या पानांवर आहेत यावरून देतात, आणि ४ पासून पुढचे अंक पानाचं किती क्षेत्र गेलं यावरून. म्हणजे पायऱ्यांची उंचीच नव्हे, जातसुद्धा बदलते.

पाणी कुठवर आलंय?

आपल्याला पुराची सवय आहे. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, तेही आठवत असेल. अशा वेळी फोनवर आपण काय विचारतो? "पाणी कुठवर आलंय?" पलीकडून उत्तर येतं, "घोट्याला लागलंय." तासाने, "गुडघ्याला आलं." मग, "कमरेला आलं." मग, "छातीला लागलं, आम्ही निघतो."

हे मोजमापच आहे, आणि चांगलं मोजमाप आहे. घोट्यापेक्षा गुडघा वर, गुडघ्यापेक्षा कंबर वर, याबद्दल दोन मतं नाहीत. पण घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं अंतर आणि कमरेपासून छातीपर्यंतचं अंतर एकच आहे असं कोणी म्हणणार नाही. आणि दोन घरांपैकी एकात पाणी घोट्याला, दुसऱ्यात छातीला असेल तर "सरासरी गुडघा-कमरेच्या मध्ये" असा अहवाल कोणी पाठवला तर आपण त्याला वेड्यात काढू. एका घरात माणसं निवांत आहेत आणि दुसऱ्या घरात जीव जायची वेळ आली आहे, हे त्या सरासरीत बुडून जातं.

शाळेत व्याकरणात आपण शिकलो, एक, दोन, तीन हे गणनावाचक. पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक. बैलगाडा शर्यतीत पहिली गाडी दुसरीच्या किती पुढे होती हे "पहिला" आणि "दुसरा" या शब्दांवरून कळत नाही, फक्त क्रम कळतो. रोगाचा अंकही क्रमवाचक आहे. तो दिसतो गणनावाचक, म्हणून आपली फसगत होते. १९४६ साली स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोजमापांचे प्रकार वेगळे करून दाखवले, तेव्हापासून क्रमवाचक अंकांना साधी सरासरी लावावी की नाही यावर विद्वानांत वाद चालू आहे. आपण वादात न पडता हिशेब करून बघू.

समजा दोन वाफ्यांना अंक मिळाले १ आणि ९. सरासरी ५. दुसऱ्या दोन वाफ्यांना मिळाले ५ आणि ५. सरासरी ५. कागदावर बरोबरी झाली. आता प्रत्येक अंकाच्या पायरीचा मध्य धरा. १ म्हणजे सुमारे ३ टक्के, ९ म्हणजे सुमारे ७५ टक्के. दोहोंचे मिळून सरासरी ३९ टक्के पान गेलं. ५ म्हणजे सुमारे १९ टक्के. दुसऱ्या जोडीत सरासरी १९ टक्के. अंकांची सरासरी सारखी, रोगट क्षेत्र दुप्पट.

एकदा पाहून भागत नाही

दुसरा मुद्दा तारखांचा. रोग हा चालता पाहुणा आहे. आज आला, पुढच्या आठवड्यात पसरला. म्हणून एकाच खाचराची पाहणी हंगामात चार-पाच वेळा करावी लागते. पण हे चार-पाच अंक आल्यावर त्यांचं करायचं काय?

माझ्या चुकीसारखंच एक उदाहरण घेऊ. समजा दर दहा दिवसांनी चार पाहण्या झाल्या. पहिल्या वाणाचे अंक १, १, ३, ७. दुसऱ्या वाणाचे १, ५, ७, ७. सुरुवात सारखी, शेवट सारखा. शेवटच्या दिवशी आलेला पाहुणा दोन्ही खाचरं बघून म्हणेल, सारखीच आहेत. पण दुसऱ्या वाणात रोग पोटरीतच चढला. दाणा भरायला लागतो तो वरच्या पानांच्या, विशेषतः शेंड्याच्या पानाच्या जोरावर. ती पानं आधीच वाळली तर लोंबी बाहेर पडते, पण दाणा भरत नाही. पळिंज वाढतं. पहिल्या वाणात रोग उशिरा आला, तोवर दाणा बराच भरून झाला होता.

हा फरक पकडायचा एक सोपा मार्ग आहे. आलेख कागदावर आडव्या रेघेवर दिवस आणि उभ्या रेघेवर रोगट क्षेत्राचे टक्के मांडा, ठिपके जोडा आणि त्या रेघेखालचं क्षेत्र मोजा. रोगाचा प्रसार असा काळाबरोबर बघण्याची शिस्त व्हॅन डर प्लँक यांच्या १९६३ च्या ग्रंथाने घालून दिली आणि रेघेखालच्या क्षेत्राची ही रीत शेनर आणि फिनी यांनी १९७७ साली गव्हावरच्या रोगासाठी मांडली. आपल्या उदाहरणात पायऱ्यांचे मध्य ३, ९, १९, ३८ टक्के धरले तर पहिल्या वाणाचं क्षेत्र येतं ३२५ आणि दुसऱ्याचं ७७५. दुपटीहून जास्त. शेवटचा अंक मात्र दोघांचाही ७.

त्या वयस्कर शेतकऱ्याने कागदाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी हेच सांगितलं होतं.

एका पंचाला पाच वेळा विचारलं तर

तिसरा मुद्दा ग्रामपंचायतीच्या आणि महसूल खात्याच्या मंडळींना लगेच पटेल. पंचनाम्याला पंच लागतात. समजा पाच पंच मिळाले नाहीत म्हणून एकाच पंचाला पाच वेळा विचारलं आणि पाच सह्या घेतल्या. चालेल का? नाही चालणार. माणूस एकच, मत एकच.

चार खाचरं पाच वेळा पाहिली की वहीत वीस अंक जमतात. पण ते वीस साक्षीदार नव्हेत. साक्षीदार चारच, त्यांना पाच पाच वेळा विचारलं आहे. जे खाचर पहिल्या पाहणीत वाईट होतं ते पुढच्या पाहणीतही बहुधा वाईटच असणार. त्याची जमीन पाणथळ असेल, वरच्या खाचराचं रोगट पाणी त्यात उतरत असेल, युरिया जास्त पडला असेल. म्हणून वीस अंक सुटे समजून हिशेब केला तर नसलेला फरक खरा वाटू लागतो आणि "औषध शंभर टक्के लागू पडलं" असे दाखले तयार होतात. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला "आम्ही इतक्या नोंदी घेतल्या" असं सांगितलं तर शांतपणे विचारा, "नोंदी किती ते कळलं, वाफे किती होते?"

मग शास्त्रज्ञ करतात काय?

पुन्हा पुराकडे या. घोटा, गुडघा, कंबर हे आपण बोलतो, पण नदीचं पाणी काही पायऱ्यांनी चढत नाही. ते सलग, हळूहळू चढत असतं. आपल्याला फक्त त्याने कोणती खूण ओलांडली एवढं कळतं. रोगाचंही तसंच. खाचरातला रोगाचा जोर सलग वाढतो, आपल्या वहीत मात्र १, ३, ५, ७ एवढंच उमटतं.

पीटर मॅकला या संख्याशास्त्रज्ञाने १९८० साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात या विचारावर उभी असलेली पद्धत मांडली. तिचं सार असं. अंकांमधलं अंतर सारखं आहे असं गृहीत धरू नका. "अंक सरासरी किती?" असं विचारू नका. "अमुक पायरीच्या वर जायची शक्यता किती?" असं विचारा. पायऱ्यांच्या खुणा कुठे आहेत ते नोंदींनाच सांगू द्या.

उदाहरण घ्या. समजा वीस वाफ्यांत काही उपाय केला नाही. त्यातले १५ वाफे ५ च्या वर गेले, ५ खाली राहिले. प्रमाण तीनास एक. दुसऱ्या वीस वाफ्यांत उपाय केला. त्यातले १० वर गेले, १० खाली राहिले. प्रमाण एकास एक. म्हणजे उपायाने वर जाण्याचं प्रमाण एक तृतीयांशावर आणलं. "रोग दीड अंकाने कमी झाला" यापेक्षा हे वाक्य खरं आहे आणि शेतकऱ्याला कामाचंही आहे. त्याला अंक नको असतो. आपलं खाचर धोक्याची रेघ ओलांडेल की नाही, हे हवं असतं.

या पद्धतीत एक अट आहे. उपायाचा परिणाम प्रत्येक पायरीवर सारख्याच प्रमाणात होतो असं ती धरून चालते. ते दर वेळी खरं असेलच असं नाही. एखादा उपाय रोगाला १ वरून ५ वर जाऊ देत नाही, पण एकदा ५ ओलांडला की त्याचा काही उपयोग उरत नाही. म्हणून चांगला संशोधक ही अट आधी तपासून बघतो.

आणि पुन्हा पुन्हा केलेल्या पाहण्यांचं काय? पुराच्या गोष्टीत आणखी एक गंमत आहे. उंच माणसाचा गुडघा आणि बुटक्या माणसाचा गुडघा एका उंचीवर नसतो. पण एकच माणूस रात्रभर फोन करत राहिला तर त्याचा गुडघा काही बदलत नाही, म्हणून त्याची सगळी उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात. तसं प्रत्येक खाचराला त्याची स्वतःची "उंची" आहे असं मानून ती हिशेबात वेगळी धरतात. दुसरा एक मार्ग लियांग आणि झेगर यांनी १९८६ साली दाखवला. त्यात एकाच खाचराच्या नोंदी आपसांत बांधलेल्या आहेत हे मान्य करून सगळ्या खाचरांचा मिळून परिणाम काढतात. हे गणित हाताने होत नाही, संगणक लागतो. पण 'आर' नावाची संगणक प्रणाली फुकट मिळते आणि कृषी पदवीची मुलं ती शिकतात. तुमच्या घरात असं कोणी शिकत असेल तर त्याला किंवा तिला घरच्याच खाचराच्या नोंदी द्या.

आणेवारीपासूनचा धडा

नजरेने अंदाज घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, या हिशेबाने आणेवारी ठरायची. १९५७ साली चलनात आण्याची जागा नव्या पैशांनी घेतली. आता आपण पैसेवारी म्हणतो. तीही एकदाच ठरत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. म्हणजे एकाच पिकाची पुन्हा पुन्हा पाहणीच झाली.

नुसत्या नजरेवर किती विसंबायचं, हा प्रश्न आपल्याच माणसांनी सोडवायला घेतला होता. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे या दोघांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कामातून पीक कापणी प्रयोगाची घडी बसवली. कोणतं शेत घ्यायचं आणि त्या शेतातला कोणता तुकडा कापायचा, हे आपल्या मर्जीने नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. कापायचं, झोडायचं, तोलायचं. दोघांनी मिळून लिहिलेलं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली निघालं आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. आजही पीक कापणी प्रयोगात तुकडा निवडताना यादृच्छिक आकडे वापरतात ते उगाच नाही. रस्त्याकडेचं चांगलं शेत कापायचा मोह कोणालाही होतो.

पंचनामा करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी पीक नुकसानीची रेघ २०१५ साली ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली गेली. आता आपल्या पट्टीतला अंक ७ बघा, २६ ते ५० टक्के. ३३ ची रेघ त्याच्या पोटातच आहे. दोन शेतकऱ्यांना अंक ७ च मिळाला, तरी एक रेघेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे असू शकतो. त्यातून पानाचं रोगट क्षेत्र आणि पिकाचं नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या. पान ३० टक्के गेलं म्हणजे भात ३० टक्के गेलं असं नाही. रोग केव्हा आला यावर ते ठरतं. म्हणून रोगाचा अंक नुकसानीच्या टक्क्यांच्या रकान्यात कधीही उतरवू नका. एका गरीब माणसाची मदत त्या एका रकान्यात अडकू शकते.

तुमच्या वहीत काय असावं?

आता घरी करायची गोष्ट. संगणक नको, शंभर पानी वही आणि पेन्सिल पुरे.

पहिलं, खाचरात तिरकं चालत जाऊन दहा चुडी ठरवा आणि प्रत्येकीजवळ काठी रोवून चिंधी बांधा. बांधाजवळच्या चुडी घेऊ नका, आणि मुद्दाम रोगट किंवा मुद्दाम चांगल्या शोधू नका. ठरावीक पावलं मोजा, समोर येईल ती चूड घ्या. हंगामभर त्याच दहा चुडी बघायच्या.

दुसरं, फुटव्यांपासून दाणा भरेपर्यंत दर दहा दिवसांनी पाहणी करा. तारखेबरोबर पिकाची अवस्था लिहा : फुटवे, पोटरी, निसवणी, दुधाळ दाणा. हळव्या आणि गरव्या भाताची एकाच तारखेला अवस्था वेगळी असते. नुसत्या तारखेवरून तुलना केली तर फसाल.

तिसरं, पाहणारा माणूस एकच ठेवा. ते जमत नसेल तर पहिल्या दिवशी दोघांनी त्याच दहा चुडींना वेगवेगळे अंक द्यावेत आणि मग वह्या जुळवून बघाव्यात. नवरा-बायकोने करून बघा, कोणाची नजर कडक आहे ते लगेच कळेल. आणि अंक देताना मागचं पान उलटून बघू नका. मागचा अंक बघितला की हात तोच लिहितो.

चौथं, सरासरी काढू नका. दहापैकी किती चुडी ५ किंवा त्याच्या वर गेल्या तेवढं मोजा. "पोटरीत दहापैकी दोन, निसवणीत दहापैकी सहा" या एका ओळीत तुमच्या खाचराची सगळी कथा येते.

पाचवं, काहीही नवीन वापरणार असाल, औषध असो, खत असो की वाण, तर एक तुकडा जुन्याच पद्धतीने ठेवा. त्याच्याशिवाय तुलना कशाशी करणार? आणि शेवटी दोन्हीकडचं भात वेगळं झोडून तोलून घ्या. अंक काहीही म्हणोत, शेवटचा शब्द तराजूचा.

वही भरताना हातही चालू ठेवा. कडा करप्याला अति नत्र मानवतं, म्हणून युरिया एकदम न देता हप्त्यांत द्या आणि रोग दिसल्यावर पुढचा हप्ता थांबवून आधी सल्ला घ्या. रोगट खाचराचं पाणी खालच्या खाचरात सोडू नका. पानं ओली असताना रोगट भागातून उगाच फिरू नका. हा जिवाणूचा रोग आहे, करप्याचं बुरशीनाशक यावर मारून पैसे वाया घालवू नका.

विचारायला लाजू नका

कोणी छापील कागद हातात देऊन "आमच्या चाचणीत रोग इतका कमी झाला" असं सांगितलं तर चार प्रश्न विचारा. वाफे किती होते? पाहणी किती वेळा आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत केली? पाहणारा एक होता की अनेक? काहीच न केलेला वाफा शेजारी होता का? हे प्रश्न दुकानदाराला विचारा, कंपनीच्या माणसाला विचारा, आणि आम्हा कृषी खात्याच्या माणसांनाही विचारा. मला त्या सभेत कोणी हे विचारलं असतं तर बरं झालं असतं. खरं तर एकाने विचारलंच होतं, मीच ऐकलं नाही.

आपल्याकडे इमारती वाढत चालल्या आहेत, खाचरं कमी होत आहेत. जी उरली आहेत त्यातल्या प्रत्येक गुंठ्याला मोल आहे. येत्या हंगामात दहा काठ्या, दहा चिंध्या आणि एक वही, एवढं करून बघा. दाणा भरून झाला की वही घेऊन कार्यालयात या. आपण समोरासमोर बसून वाचू. या वेळी मी सरासरी काढणार नाही.